यहुद्यांचे चमत्कार आणि त्यांचा उलगडा



सन २०२० च्या जून महिन्यात लोणारच्या सरोवराचे पाणी पाहता पाहता गुलाबी झाले. अमरावती-अकोल्याकडच्या मंडळींना हे सरोवर नवीन नाही. त्या खोल विवराच्या काठावर एकदा तरी उभे राहून आलेली माणसे आपल्यात पुष्कळ असतील. परंतु त्या वर्षी साऱ्या देशाचे लक्ष तिकडे वेधले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने ते पाणी तपासले. उन्हाळ्यात पाणी आटून क्षारांचे प्रमाण वाढले, त्यामुळे खारटपणावरच पोसणाऱ्या एका जातीच्या सूक्ष्म जीवांची त्यात बेसुमार वाढ झाली, आणि पाण्यास आलेला रंग हा त्यांच्याच देहातील रंग होय, असे निष्पन्न झाले.

आता लोणारची पुराणकथा आठवा. लवणासुर नावाचा दैत्य भूमीखाली दडून बसला होता. विष्णूने दैत्यसूदनाचे रूप घेऊन त्याचा वध केला. ज्या बिळात तो राहत असे तेच हे विवर. सरोवराचे पाणी म्हणजे त्या दैत्याचे रक्त आणि त्यातले क्षार म्हणजे त्याचे कुजलेले मांस, असे जुने लोक सांगत. दैत्यसूदनाचे कोरीव देऊळ लोणार गावात आजही उभे आहे. भूगर्भशास्त्रज्ञ म्हणतात, हे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर उल्कापाताने झाले. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानंतर त्याविषयी फारसा संशय उरलेला नाही. आकाशातून काहीतरी आले, भूमी फुटली आणि खारे पाणी उरले, इतके तर दोन्ही पक्षांना मान्य आहे. अशा वेळी एक जण म्हणतो, पहा, पुराण खोटे ठरले. दुसरा म्हणतो, पहा, पुराण खरे ठरले. मला दोन्ही उद्गारांत थोडी घाईच दिसते. आणि ही घाई कोठे नेते हे पाहावयाचे असेल, तर ज्या ग्रंथातील चमत्कारांची फोड करण्यात माणसांनी आजवर सर्वांत अधिक बुद्धी खर्च केली, तो यहुदी लोकांचा धर्मग्रंथ हाती घ्यावा. त्यातही नदीचे पाणी रक्तवर्ण झाल्याची कथा आहे. शिवाय हे लोक आपणांस अगदी परके नाहीत. त्यांची एक शाखा कोकणच्या किनाऱ्यावर शतकानुशतके राहिली, मराठी बोलली, आणि या प्रश्नाचे एक उत्तर तिने नकळत आपल्या स्वयंपाकघरात जपून ठेवले. त्या शाखेकडे मी शेवटी येईन.

कथा बहुतेकांस ठाऊक असेल, तरी थोडक्यात सांगतो. इस्राएलाचे वंशज मिसर देशात फारो राजाच्या वेठीस धरले गेले होते. विटा पाडण्यात त्यांचा जन्म जात होता. मोशे नावाचा त्यांचा पुढारी फारोकडे गेला व आपल्या लोकांस सोडून देण्याची त्याने मागणी केली. फारो ऐकेना. तेव्हा त्या देशावर एकामागून एक दहा पीडा कोसळल्या. नाईल नदीचे पाणी रक्तासारखे झाले, मासे मेले, बेडकांनी घरे भरली. चिलटे, माश्या, गुरांची मरी, अंगावर फोड, गारा, टोळधाड, तीन दिवसांचा अंधार, आणि अखेरीस प्रत्येक घरातील प्रथम जन्मलेल्याचा मृत्यू. त्या रात्री इस्राएली लोक निघाले. पुढे समुद्र, मागे फारोचे रथ, अशी गाठ पडली असता समुद्र दुभंगला व ते पायी पार झाले.

१९५७-५८ च्या सुमारास ग्रेटा होर्ट नावाच्या विदुषीने या पीडांची एक नैसर्गिक साखळी जुळवून दाखवली, ती आजही विद्वानांच्या चर्चेत असते. तिचे म्हणणे असे की, इथिओपियाच्या डोंगरांत अतिवृष्टी झाली म्हणजे नाईलला तांबड्या मातीचा महापूर येतो, त्याबरोबर लाल रंगाचे सूक्ष्म जीवही वाहून येतात. त्यांनी पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकला की मासे मरतात. मासे कुजले की बेडूक काठ सोडून घरांत शिरतात आणि तेही मरतात. मग माश्या आणि चिलटे. त्यांच्यापासून गुरांना रोग आणि माणसांच्या अंगावर फोड. एकातून दुसरे निघते. लोणारचे गुलाबी पाणी ज्यांनी पाहिले त्यांना यातला पहिला दुवा तरी अशक्य वाटू नये.

टोळांविषयी तर वऱ्हाडी माणसाला काही सांगावयास नकोच. मे २०२० मध्ये, म्हणजे लोणार रंगले त्याच्या थोडेच आधी, मध्य प्रदेशातून टोळांचे थवे मोर्शी आणि वरूड तालुक्यांत उतरले. संत्र्याच्या बागा उभ्या असलेल्या त्या मुलखात शेतकऱ्यांनी डबे बडवून आणि धूर करून रात्री जागवल्या. टोळ आपल्या मनाने दिशा ठरवीत नाहीत, वारा नेईल तिकडे जातात, हे त्या दिवसांत वर्तमानपत्रांतून आपण वाचले. आता निर्गमाचा दहावा अध्याय पहा. तेथे ग्रंथकार सांगतो की, एक दिवस व एक रात्र पूर्वेचा वारा वाहिला आणि सकाळी त्याने टोळ आणले. पुढे फारोने विनवणी केल्यावर पश्चिमेचा जोराचा वारा सुटला आणि त्याने ते टोळ उचलून समुद्रात लोटले. कृषिखात्याच्या अहवालात शोभेल इतके हे वर्णन नेमके आहे.

समुद्राच्या बाबतीतही हेच. चित्रपटांनी आपल्या डोळ्यांपुढे असे दृश्य उभे केले आहे की मोशेने काठी उगारली आणि क्षणार्धात पाण्याच्या दोन भिंती उभ्या राहिल्या. भिंतींचा उल्लेख ग्रंथात आहे, हे खरे. परंतु त्याच वाक्याच्या आसपास हेही सांगितले आहे की देवाने रात्रभर पूर्वेचा प्रबळ वारा वाहवला आणि त्या वाऱ्याने समुद्र मागे हटवून कोरडी जमीन केली. ज्याला आपण तांबडा समुद्र म्हणतो त्याचे मूळ हिब्रू नाव याम सूफ. त्याचा अर्थ पुष्कळांच्या मते लव्हाळ्यांचा समुद्र. लव्हाळी खोल समुद्रात उगवत नाहीत, उथळ सरोवरात उगवतात. १८८२ साली टुलोक नावाच्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने नाईलच्या मुखाजवळच्या मन्झाला सरोवरावर असा अनुभव घेतला की, पूर्वेचे वादळ सुटले, आणि वारा ओसरल्यावर पाहतो तो सरोवराचे पाणी मैलोगणती मागे हटलेले. २०१० साली ड्रूज आणि हान या दोघा अमेरिकेतील संशोधकांनी त्याच भागाचा जुना नकाशा कल्पून संगणकावर गणित मांडले. ताशी सुमारे शंभर किलोमीटर वेगाचा पूर्वेचा वारा बारा तास वाहिला, तर सुमारे दोन मीटर खोल पाणी मागे सरून तीन-चार किलोमीटर लांबीची चिखलाची वाट चार तास उघडी राहू शकते, असा त्यांचा निष्कर्ष आहे. वारा थांबला की पाणी परत येते. मग रथांचे काय होईल ते सांगावयास नको.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हा वारा शास्त्रज्ञांनी शोधून काढलेला नाही. तो ग्रंथातच लिहिलेला होता. ग्रंथकाराला वारा लपवावयाचा असता तर त्याला कोणी अडवले नव्हते. देवाचे कृत्य आणि वाऱ्याचे वाहणे ही एकाच घटनेची दोन नावे आहेत असे समजूनच तो लिहितो आहे. निसर्ग एकीकडे आणि देव दुसरीकडे, जे निसर्गाने झाले ते देवाने केले नाही, ही वाटणी त्याच्या गावीही नाही. ती वाटणी आपली आहे, अलीकडच्या काळातली आहे. तो सरोवरकाठ असाच अनेक रात्री वाऱ्याने उघडा पडला असेल. त्या रात्रींची कोणी नोंद ठेवली नाही. या एका रात्री काठावर पळून आलेले गुलाम उभे होते, म्हणून ती लक्षात राहिली.

यहुदी पंडितांनी या प्रश्नाचा विचार विज्ञानयुगाची वाट न पाहता केला, हे मला फार मोलाचे वाटते. एका जुन्या मिद्राशात, म्हणजे त्यांच्या कथारूप भाष्यात, असे सांगितले आहे की, सृष्टी निर्माण करतानाच देवाने समुद्राशी करार केला होता: पुढे अमुक वेळी इस्राएली येतील, तेव्हा तू दुभंगावेस. बाराव्या शतकात मोशे बेन मैमून, ज्याला युरोपात मायमोनिडीस म्हणतात (११३८-१२०४), याने हाच धागा उचलला. तो स्वतः वैद्य होता, ॲरिस्टॉटलचा अभ्यासक होता. मिश्ना ग्रंथावरील आपल्या टीकेत तो म्हणतो की, चमत्कार हे सृष्टीच्या नियमांत मागाहून केलेली ढवळाढवळ नसून आरंभीच तिच्या स्वभावात पेरून ठेवलेले आहेत. ठरलेला क्षण आला की ते प्रकट होतात. मनाला पटो न पटो, पण हे उत्तर भोळ्याचे नाही. त्यानंतर पाच शतकांनी ॲम्स्टरडॅमच्या स्पिनोझाने आणखी पुढचे पाऊल टाकले. निसर्गाविरुद्ध काही घडतच नाही. ज्याला चमत्कार म्हणतात तो केवळ आपल्या अज्ञानाचा दुसरा उच्चार, असे त्याने १६७० मध्ये निनावी छापलेल्या ग्रंथात प्रतिपादिले, आणि पुराव्यादाखल धर्मग्रंथातलाच तो पूर्वेचा वारा पुढे केला. त्याच्या समाजाने त्याला १६५६ मध्येच, वयाच्या तेविसाव्या वर्षी, बहिष्कृत करून टाकले होते. एकाच वाऱ्याकडे बोट दाखवून मिद्राशकार कराराची गोष्ट सांगतो आणि स्पिनोझा अज्ञानाची.

आतापर्यंत सगळे सोपे होते. आता अवघड जागा येते.

समुद्र ओलांडल्यावर तीन दिवस लोकांना पाणी मिळाले नाही. मारा नावाच्या ठिकाणी पाणी सापडले ते कडू. लोक कुरकुरले. देवाने मोशेला एक झाड दाखवले. ते त्याने पाण्यात टाकताच पाणी गोड झाले. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या जिल्ह्यांतून पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांनी जो खारपाणपट्टा पसरला आहे, तेथील माणसाने ही कथा ऐकावी म्हणजे तिची धार कळते. विहीर खणावी, पाणी लागल्याचा आनंद व्हावा, आणि ओंजळ तोंडाला लावताच ती थुंकून टाकावी लागावी. पूर्णेच्या काठी एके काळी विहिरींच्या पाण्यातून मीठ काढीत असत, इतके ते खारट. आता विचारा त्या माणसाला, झाड टाकून पाणी गोडे होईल काय? आपल्याकडे गढूळ पाण्यात निवळीचे बी उगाळून टाकतात, शेवग्याच्या बियाही त्याच कामी येतात. माती खाली बसते व पाणी निवळते. परंतु विरघळलेले क्षार निवळीने जात नाहीत. अरबस्तानातील प्रवाशांनी बदाऊनी लोकांत अशा झाडाचा पुष्कळ शोध केला. खात्रीलायक असे काही हाती लागले नाही. तेव्हा येथे नैसर्गिक उलगडा लंगडा पडतो, हे मोकळेपणाने म्हटले पाहिजे. पण खारपाणातील घागरवालीला कथेतले एक वाक्य कोणत्याही टीकाकाराहून अधिक नीट समजते: कालपर्यंत समुद्र दुभंगल्याचे गाणे गाणारे लोक तिसऱ्या दिवशी पाण्यासाठी कुरकुरू लागले. मोठ्या चमत्काराने तहान भागत नाही. या कुरकुरीबद्दल त्या वेळी देव त्यांना शिक्षा करीत नाही, पाणी देतो.

मान्नाची गोष्ट याहून बोधक आहे. रानात अन्न संपले तेव्हा रोज सकाळी दंवाबरोबर जमिनीवर पांढरे, गोड कण पडलेले सापडू लागले, तेच मान्ना. १९२७ साली जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठाचे बोडेनहायमर आणि थिओडोर हे दोघे सिनाईच्या वाळवंटात गेले व त्यांनी याचा छडा लावला. तेथे झाऊच्या झाडांवर एक जातीचे पिठ्या ढेकणासारखे किडे असतात. झाडाच्या रसात साखर पुष्कळ आणि पोषक द्रव्य थोडे. म्हणून किडा पुष्कळ रस शोषतो आणि नको असलेली साखर थेंबांच्या रूपाने टाकून देतो. वाळवंटाच्या कोरड्या हवेत ते थेंब सुकून कण होतात. मावा पडलेल्या पिकाच्या पानांवर जो गोडसर चिकटा येतो, तो पाहिलेल्या शेतकऱ्याला याचे नवल वाटणार नाही. आपल्या दमट हवेत तो सुकत नाही, एवढाच भेद. ऊन चढले की मान्ना वितळे, असे ग्रंथात आहे, तेही जुळते.

पण पुढे वाचा. ज्याने जास्त गोळा केले त्याला जास्त झाले नाही, ज्याने कमी गोळा केले त्याला कमी पडले नाही. प्रत्येकाला एक ओमेर, म्हणजे पोटापुरतेच. उद्यासाठी साठवून ठेवले त्यात किडे पडले. सहाव्या दिवशी मात्र दुप्पट मिळे आणि तेवढे नासत नसे. सातव्या दिवशी रानात काहीच पडत नसे, कारण तो विसाव्याचा दिवस, शब्बाथ. झाऊवरच्या किड्याला शनिवार कळत नाही. बोडेनहायमरचा शोध मान्नाच्या पदार्थापाशी पोचतो आणि या नियमापाशी येऊन थांबतो. आणि कथेला जे सांगावयाचे आहे ते नेमके येथे सुरू होते. काल विटा पाडणाऱ्या गुलामाला सुट्टीचा दिवस नव्हता आणि त्याच्या मालकाला कोठाराची हाव होती. रानात आल्यावर त्याला पहिला धडा मिळाला तो हा: साठा करू नको, आणि सातव्या दिवशी थांब.

म्हणून नैसर्गिक उलगड्याविरुद्ध माझी तक्रार त्याच्या खोटेपणाची नाही, त्याच्या अतिउत्साहाची आहे. सदोम नगरावर आकाशातून अग्नी बरसला, ही कथा घ्या. २०२१ साली एका प्रतिष्ठित नियतकालिकात असा निबंध आला की, जॉर्डन नदीच्या खोऱ्यातील तल अल्-हम्माम हे प्राचीन नगर आकाशात फुटलेल्या उल्केने नष्ट झाले आणि सदोमची कथा ही त्याचीच आठवण असावी. केवढी खळबळ झाली! पुढे इतर तज्ज्ञांनी पुराव्यातील दोष दाखवले, आणि २०२५ मध्ये नियतकालिकाने तो निबंध मागे घेतला. लोणारकाठच्या आपणां लोकांना उल्केचे आकर्षण असणे साहजिक आहे, पण प्रत्येक दग्ध नगराला उल्का पुरवता येत नाही. मूळ घटनेचाच पुरावा किती, हाही प्रश्न आहेच. मिसरच्या शिलालेखांत इस्राएल हे नाव मेर्नेप्ताह राजाच्या, इसवी सनापूर्वी सुमारे १२०८ च्या, एका शिलेवर येते. ती शिला पेट्री या संशोधकाला १८९६ मध्ये सापडली. परंतु मोशेचा किंवा पळून गेलेल्या गुलामांचा उल्लेख मिसरी लेखांत नाही. जी घटना जशी सांगितली तशी घडली की नाही हेच अनिश्चित, तिच्या प्रत्येक तपशिलाला स्वतंत्र कारण जोडीत बसणे म्हणजे न पाहिलेल्या घराच्या खिडक्यांना पडदे शिवणे होय. आपल्याकडेही पुष्पक विमानात यंत्रविद्या पाहणाऱ्यांचा तोटा नाही. तेव्हा यहुदी पंडितांना हसण्याचा आपला अधिकार बेताचाच.

आता कोकणात येऊ.

अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर फार पूर्वी एक गलबत फुटले. त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. तेच आमचे मूळ पूर्वज, अशी बेने इस्राएल लोकांची परंपरा आहे. बुडालेल्यांना पुरले ती जागा नवगावास दाखवतात. ग्रंथ समुद्रात गेले. भाषाही कालांतराने गेली. उरलेले लोक कोकणच्या खेड्यांतून पसरले, गावावरून किहीमकर, पेणकर, रोहेकर, नवगावकर अशी आडनावे घेऊन राहिले, आणि त्यांतील बहुतेकांनी तेलाचे घाणे घातले. शेजारीपाजारी त्यांना शनवार तेली म्हणत, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. सीझनच्या दिवसांत, शेजारचे घाणे करकरत असताना, गिऱ्हाईक परत पाठवून बैल सोडून ठेवणे हे काही पोटाला परवडणारे काम नव्हे. मान्नाची कथा त्यांच्यातील किती जणांना तपशिलाने सांगता आली असती याची मला शंकाच आहे. किडा विसरला, झाऊ विसरला, ओमेर विसरला; सातवा दिवस विसरला नाही.

याहूनही विलक्षण असा त्यांचा एक सण होता. या समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी १८९७ मध्ये लिहिलेल्या आणि १९३७ मध्ये तेल अवीव येथे छापून निघालेल्या इतिहासात त्याची नोंद केली आहे. सणाचे नाव अनाशी ढाकायचा सण. अनास म्हणजे कालवणासाठी आंबट द्रव ठेवण्याचे भांडे. वसंतात ठराविक तिथीला हे भांडे झाकून ठेवावयाचे आणि सणात आंबट शिवावयाचे नाही. का, ते ठाऊक नाही. आजी झाकीत होती म्हणून नात झाकते. पुढे हिब्रू ग्रंथ पुन्हा हाती आले तेव्हा उलगडा झाला. मिसरमधून निघालेल्या रात्री कणीक आंबण्याइतकाही वेळ नव्हता, म्हणून वल्हांडणाच्या सणात आंबवलेले काही खावयाचे नाही, घरातही ठेवावयाचे नाही. फारो, दहा पीडा, दुभंगलेला समुद्र, सारे विस्मृतीत बुडाले होते, आणि त्या पाण्यावर हे एक मातीचे झाकण तरंगत राहिले होते.

यावरून कोणी म्हणेल की मग कथेची गरजच काय, आचार पुरे आहे. तसे मला वाटत नाही. झाकण टिकले खरे, परंतु ते मुके झाले होते. आपण कधी काळी गुलाम होतो, म्हणून परक्याला छळू नये, ही जी आज्ञा मोशेचे ग्रंथ पुनःपुन्हा देतात, ती त्या भांड्यावरून कोणाला वाचता आली नसती. आणि समुद्राच्या कथेवर तालमूदकारांनी जी भर घातली, तीही नाही: मिसरी सैन्य बुडत असता देवदूत स्तोत्र गाऊ लागले, तेव्हा देवाने त्यांना गप्प केले, माझ्या हातची लेकरे बुडत आहेत आणि तुम्ही गाता कसे, असा त्याचा भाव. पाण्याची खोली आणि वाऱ्याचा वेग मोजणाऱ्याच्या कोष्टकात या प्रश्नाला रकाना नाही.

एक चमत्कार मात्र या लोकांनी स्वतःच्या मातीत रुजवला. एलीया हा त्यांचा अत्यंत आवडता प्रवक्ता. तो अग्निरथातून स्वर्गास गेला असे ग्रंथात आहे. बेने इस्राएल म्हणतात, तो कोकणातूनच गेला. नवगावच्या किनाऱ्यावर निश्चेष्ट पडलेल्या पूर्वजांना त्यानेच शुद्धीवर आणले, आणि अलिबागजवळ खंडाळे गावी खडकावर त्याच्या घोड्यांच्या टापा उमटल्या आहेत. नवस फेडताना, लग्नापूर्वी किंवा नव्या घरात पाऊल टाकताना मलिदा करतात: भिजवलेले गोड पोहे, खोबरे, फळे आणि एलीयाचे नाव. भूगर्भशास्त्रज्ञाला विचाराल तर तो सांगेल की दख्खनचा काळा पत्थर झिजताना असे खळगे कोठेही पडतात. खरे आहे. चिखलदऱ्याला भीमाने कीचकाला दरीत फेकले आणि भीमकुंडात हात धुतले, असे आपण मानतो, तो दगडही त्याच जातीचा आहे. गंमत अशी की, याच एलीयाची आणखी एक कथा त्या ग्रंथात आहे. तो पर्वतावर उभा असता डोंगर फोडणारा वारा आला, भूकंप झाला, अग्नी आला. देव त्यांपैकी कशातच नव्हता. नंतर एक अगदी हलका, शांत आवाज आला. ज्या ग्रंथाने वाऱ्याने समुद्र दुभंगला असे सांगितले, त्यानेच पुढे वाऱ्यात देव नव्हता असेही नोंदवून ठेवले आहे.

ग्रंथ परत मिळाला तो एकोणिसाव्या शतकात. कोचीनहून शिक्षक आले. मुंबईस १८२९ मध्ये आलेले स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रूचे व्याकरण काढले. धर्मांतराच्या आशेने शिकवलेली भाषा बेने इस्राएल लोकांनी आपला धर्म दृढ करण्याकडे लावली, यावर विल्सनसाहेबांचे मत काय झाले असेल कोण जाणे! १८८० नंतर मोशे आणि योसेफ यांच्या कथांवर मराठी कीर्तने रचली गेली. ओव्या, साक्या आणि दिंड्यांतून फारो बोलू लागला. त्याआधी, १८४६ मध्ये, वल्हांडणाच्या रात्री घरोघर वाचावयाची हगादा ही पोथी मुंबईत हिब्रू व मराठीत शिळाछापावर निघाली, आणि १८७४ मध्ये पुण्यात तिची सचित्र आवृत्ती छापली गेली. प्रत्येक पिढीतील प्रत्येक माणसाने, आपण स्वतःच मिसरमधून बाहेर पडलो असे समजावे, असा त्या पोथीचा दंडक आहे. पुण्याच्या आवृत्तीतल्या चित्रकाराने तो अक्षरशः पाळला. बिनआंबवणाची भाकर करणाऱ्या त्यातील स्त्रिया मिसरी वेषात नाहीत. त्या लुगडी नेसून जमिनीवर बसल्या आहेत.